कोरड्या ऑगस्टमधली छत्री

रविवार, ३ ऑगस्ट

एलियेतेचा फोन आला. माझी मुलगी साओ पावलोहून दर रविवारी फोन करते आणि मी फोन वाजायच्या आधी घसा खाकरून ठेवतो, म्हणजे आवाज तरण्या माणसाचा निघतो. आज खाकरणं फुकट गेलं. तिने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "बाबा, जूनमध्ये तुम्ही मोठ्या चर्चसमोर पडला होतात?"

"पडलो नव्हतो. बसलो होतो."

"रस्त्याच्या मधोमध?"

"दम खायला."

"आणि गुडघ्याला टाके कसे पडले?"

"बसताना जरा घाई झाली."

पलीकडे शांतता. ही शांतता तिने आईकडून घेतली आहे. तिची आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण शांतता तेवढी जशीच्या तशी फोनवरून येते. मग ती म्हणाली, "इकडे राहायला या. नववा मजला, लिफ्ट आहे, तुमच्यासाठी खोली रिकामी ठेवलीय. फरशी अगदी सपाट."

म्हटलं, "सपाट फरशीवर माणूस चालायचं विसरतो."

"आणि आपल्या पारातीच्या दगडांवर पडायला शिकतो."

शेवटी तिने सौदा केला. पुढच्या रविवारी वडिलांचा दिवस आहे, म्हणून शनिवारीच येणार. "परक्या पाहुण्याला दाखवतात तसं मला अख्खं जुनं गाव दाखवा. दिवसभर माझ्यासोबत चाललात तर खोलीचं नाव परत काढणार नाही. नाही जमलं, तर रविवारच्या बसने दोघं मिळून जायचं. मंजूर?"

"मंजूर," मी छाती काढून म्हणालो. फोन ठेवून खुर्चीतून उठायला गेलो, तर गुडघा म्हणाला, मला विचारलं होतंस का?

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज तालीम केली. घरापासून औषधांच्या दुकानापर्यंत, विनाकाठी.

परक्यांना आमचे रस्ते फार आवडतात. एकेक दगड भाकरीच्या पाटीएवढा, एक वर, एक खाली, मधला हलणारा. जन्मभर मी यांच्यावरून अनवाणी पळत गेलो, खांद्यावर फळ्या घेऊन. आता प्रत्येक दगडाशी आधी बोलणी करावी लागतात. औषधांच्या दुकानात पोचलो तेव्हा इतका घामेजलो होतो की काउंटरवरच्या माणसाने न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. मी म्हटलं, ऊन आहे. तो बाहेरच्या ढगांकडे बघून म्हणाला, "हो, फार."

काठी आहे माझ्याकडे. होडीच्या उरलेल्या लाकडातून मीच घडवली, मूठ इतकी गुळगुळीत की हातात घेतली की सोडवत नाही. पण ती दाराआड असते आणि घरातल्या घरात चालते. टेकू लावलेली होडी आणि काठी घेतलेला माणूस, दोघंही पाण्याबाहेर काढलेले असतात, हे मी होड्या बांधता बांधता बघितलंय. मला इतक्यात कोणी किनाऱ्यावर ओढलेलं नको आहे.

(हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. चांगलं जमलं. दुसरीत शाळा सुटली आणि अक्षरं शिकलो ती होड्यांवर नावं रंगवता रंगवता, त्या मानाने बराच पुढे आलो म्हणायचं.)

शेजारची दोना बेंविंदा सकाळी नेहमीप्रमाणे वाटी घेऊन हजर. "सेऊ बेलार्मिनो, साखर संपली हो." (मी सेऊ, म्हणजे राव; ती दोना, म्हणजे बाई.) हिची साखर रोज संपते. मधुमेह आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, तरी रोज एक वाटी. चोरून काय काय खात असेल कोण जाणे. वाटी भरेपर्यंत दारात उभी राहून घरभर नजर फिरवते, चूल पेटली का, अंथरूण उचललं का. भोचकपणाला औषध नाही. मी काही बोलत नाही. विधवा बाई, एकटी, तिला तेवढाच विरंगुळा.

गुरुवार, ७ ऑगस्ट

ओझोरियोच्या दुकानात दाढी केली. ओझोरियो माझा कोंपाद्रे, म्हणजे त्याच्या नीलोचा धर्मपिता मी. आमच्याकडे ज्याला होडी बांधून दिली त्याच्या पुढच्या पोराचं धर्मपितेपणही माझ्या गळ्यात पडायचं, तेव्हा निम्म्या गावातली पोरं मला पाद्रिन्यो म्हणतात. दिसलो की थांबून आशीर्वाद मागायचा, मी थांबून हात पुढे करायचा, देव तुझं भलं करो म्हणायचं, अशी रीत.

गळ्यावर वस्तरा होता आणि मन मोकळं करावंसं वाटत होतं. सगळं सांगितलं. खोली, सौदा, आणि शनिवारचा मार्गसुद्धा: आधी मोठं चर्च, मग औषधांच्या दुकानावरून चौक, जेवण, सांता रीता चर्च, आणि शेवटी समुद्रालगतची गल्ली, रुआ फ्रेस्का, तिथला देखावा दाखवून विजयाने घरी.

"आणि किल्ल्याची टेकडी?" ओझोरियोने विचारलं.

"टेकडी खालून जास्त चांगली दिसते."

"बरं. आणि काठी?"

"छत्री नेणार."

वस्तरा थांबला. "छत्री?"

"सासऱ्यांची ती लांब काळी. मूठ वाकडी आहे. टेकली तर टेकली."

"कोंपाद्रे, ऑगस्ट आहे, कोरडा हिवाळा. महिनाभर थेंब नाही पडला."

"म्हणून तर पडायची वेळ आलीय. तू दाढी कर."

तो बराच वेळ आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझी एक बाजू राहिलीये, हलू नकोस." निघताना मी त्याला बजावलं, हे कोणाला कळता कामा नये. ओझोरियोने छातीवर हात ठेवला. त्याच्याइतका भरवशाचा माणूस मिळणार नाही. नाहीतर न्हाव्याच्या दुकानात काय गुपित राहतं?

शुक्रवार, ८ ऑगस्ट

बुटांना तेल लावलं. बेंविंदाने माझा पांढरा शर्ट मागून नेला आणि इस्त्री करून आणला. शनिवारचं हिला कोणी सांगितलं ठाऊक नाही, बहुधा भिंतीला कान लावून बसत असेल. दाराशी टेकवलेली छत्री तिला दिसली.

मी आधीच म्हणून टाकलं, "उद्या पाऊस येईलसं वाटतंय."

तिने आभाळाकडे पाहिलं. ते पुसून ठेवलेल्या ताटासारखं होतं. मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाली, "काही भरवसा नाही बाई."

इतक्या वर्षांत ही बाई पहिल्यांदा माझ्याशी सहमत झाली. हवामानाचं मला कळतं, हे मान्य करावंच लागलं तिला.

शनिवार, ९ ऑगस्ट

अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे. आजच्या दिवसात सरळ असं काहीच नव्हतं.

एलियेते सकाळच्या बसने आली. उतरता उतरता तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि नजर छत्रीवर ठेवली. "हे काय?"

"पाऊस."

"कुठे?"

"येईल."

घरी कॉफी झाली. काकवी घातलेला केक मिठाईवाल्या जुरेमाच्या गाडीवरून आणून ठेवला होता, तो तिने लहानपणी खायची तसा कडेकडेने कुरतडून खाल्ला. मग निघालो. पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते तिने. मी म्हटलं, आपल्या दगडांवर पांढरे बूट? ती म्हणाली, मी पाहुणी आहे ना आज.

मोठ्या चर्चजवळ पोचलो. तालमीपेक्षा बरं चाललं होतं, छत्री काम करत होती. मी हात उंचावून घंटेकडे बोट दाखवायला गेलो (उंचावताना छत्री उचलली गेली आणि मी थोडा डुललो, पण ते भक्तिभावाने डुलल्यासारखं दिसलं असावं), एवढ्यात कोपऱ्यावरून ओझोरियो आला. हातात छत्री.

"नमस्कार एलियेते! किती वर्षांनी! काय कोंपाद्रे, भरून आलंय नाही?"

एलियेतेने वर पाहिलं. वर निळ्याशिवाय काही नव्हतं. "भरून आलंय?"

"येतंय, येतंय," ओझोरियो म्हणाला आणि चर्चच्या पायरीवर रुमाल अंथरून बसला. "बस ना, कोंपाद्रे. मुलीला त्या जुन्या वादळाची गोष्ट सांग, घंटा पडली ती." ती गोष्ट चांगली लांब आहे, बसल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून बसलो.

औषधांच्या दुकानाबाहेर बाक काढून ठेवला होता. एरवी तो आत असतो. दुकानदार म्हणाला, आत फरशी पुसायची आहे, जरा याच्यावर बसून राहा नाहीतर कोणीतरी उचलून नेईल. आता दिवसाढवळ्या बाक कोण नेणार? पण शेजारधर्म आहे. बसलो. त्याच्या दाराच्या कडीलाही छत्री लटकत होती.

सांगतो, मला मनातून फार बरं वाटलं. मी एकदा पाऊस म्हटलं, तर अर्धं गाव छत्री घेऊन बाहेर पडलं! इतक्या वर्षांच्या दर्यावरच्या अनुभवाला लोक अजून मान देतात. एलियेतेला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "दिसतंय खरं," आणि कडीवरच्या छत्रीकडे बघत राहिली.

पुढचा रस्ता सगळ्यात वाईट. मधले दगड दात पडलेल्या तोंडासारखे. तिथेच जुरेमा मिठायांची गाडी घेऊन उभी. माझ्याच वयाची, पण कंबर अजून ताठ. "बेलार्मिनो, माझं मनगट धरलंय. चौकापर्यंत गाडी ढकलून देशील का रे?"

मुलीसमोर नाही कसं म्हणणार! छत्री गाडीवर आडवी ठेवली, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि निघालो. काय सांगू, तरंगत गेलो. गाडीला चाकं मोठी, दांडा छातीशी, मी बोलत बोलत गेलो, हे अमक्याचं घर, हा तमक्या सोनाराचा वाडा. जुरेमा शेजारून त्याच मनगटाने माशा वारत चालली होती. चौकात पोचल्यावर मी एलियेतेला म्हटलं, "बघितलंस? भरलेली गाडी!"

"बघितलं बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा घोगरा होता. बसचा प्रवास.

आणि नीलो! ओझोरियोचा हा पोरगा घोडागाडी चालवतो, पाहुण्यांना फिरवतो. आज शनिवार, धंद्याचा दिवस, तर रिकामी गाडी घेऊन आमच्याभोवती घिरट्या. प्रत्येक कोपऱ्यावर समोर. टोपी काढून, "आशीर्वाद, पाद्रिन्यो." मी थांबायचं, हात द्यायचा, देव तुझं भलं करो. पुढच्या कोपऱ्यावर परत, "आशीर्वाद, पाद्रिन्यो."

"अरे, आत्ताच दिला की!"

"तो सकाळचा होता."

एका दिवसात एका पोराचं किती भलं करणार देव? पण रीत मोडता येत नाही. थांबलं की गुडघ्यालाही जरा बरं वाटत होतं, हे खोटं कशाला लिहू.

जेवणाला तळलेला मासा आणि केळी घातलेला भात. मी पिंगाचा, म्हणजे उसाच्या दारूचा, एक घोट घेतला, गुडघ्याच्या नावाने. एलियेते माशाचे काटे बाजूला काढत होती. सकाळी ती माझ्या पायांकडे बघत होती, परीक्षक बघतात तशी. दुपारपर्यंत तिने ते सोडून दिलं होतं, लोकांकडेच बघत होती. मी म्हटलं, चला, गाव आवडायला लागलं.

सांता रीताला तेर्सियो, तिथला राखणदार, छत्री काखेत मारून उंबऱ्यात उभा. सावलीत दोन खुर्च्या. आत प्रार्थना नाही, काही नाही, तरी दोन खुर्च्या. एव्हाना मला सगळ्यांचा राग यायला लागला होता. एवढा मी मुलीला गाव दाखवायला निघालो, तर जो तो बसवतोय! विजय आता एका गल्लीवर आला होता. मी खुर्ची नाकारली.

मागोमाग आलेला नीलो म्हणाला, "पाद्रिन्यो, रुआ फ्रेस्काला आत्ता नका जाऊ."

"का?"

"नाही, म्हणजे… आत्ता नको. गाडीत बसा, मी घरी सोडतो."

"तुला गिऱ्हाईक हवंय! जा, एखादा परका बघ." आणि मी एलियेतेचा हात धरून रुआ फ्रेस्कात शिरलो.

देखावा खरोखर सुंदर. उजवीकडे समुद्र, होड्या, मागे हिरवे डोंगर. मी हात पसरून म्हटलं, "ही तुझी पाराती!" आणि पाराती माझ्या बुटात शिरली.

थंडगार. खाली बघितलं, तर दगडांच्या फटींतून पाणी वर येत होतं, समुद्राकडच्या भिंतीच्या भोकांतून आत येत होतं, आणि आम्ही आलो तो गल्लीचा तोंडाकडचा भाग आधीच आरशासारखा चमकत होता.

आज पौर्णिमा.

इथलं शेंबडं पोरही सांगेल की पौर्णिमेला आणि अमावास्येला समुद्र गावात येतो. रस्ते मुळात मधे खोलगट बांधले तेच त्याच्यासाठी. आणि मी कोण? ज्याने जन्मभर मोठ्या भरतीचा मुहूर्त पाहून होड्या पाण्यात सोडल्या! भरतीचं कोष्टक कधी भिंतीवर लावलं नाही, कारण ते माझ्या पोटात असायचं. आठवडाभर गुडघा, छत्री, शर्ट, वडिलांचा दिवस, सगळ्याचा विचार केला. चंद्र तेवढा राहिला. तोही रोज रात्री खिडकीसमोर टांगलेला होता, मोठा होत होता, मी त्याच्या उजेडात बुटांना तेल लावलं.

एका बंद घराच्या उंच पायरीवर चढलो दोघं. एलियेतेने मला वर ओढलं, छत्री पाण्यात पडली आणि घराघराची चौकशी करत वाहत निघून गेली. पाणी पोटरीइतकं झालं. पाण्याखालचे ते दगड, विनाआधार. मी एक पाऊलही टाकू शकत नव्हतो आणि ते तिला दिसत होतं.

एलियेतेने माझा दंड घट्ट धरला. मग ती म्हणाली, "बाबा, दाराआड काठी आहे, ती का नाही आणली?"

"कोणती काठी?"

तिच्या आईची शांतता.

"दुखतो गं," मी म्हटलं. "खूप दुखतो. पण तिकडे नवव्या मजल्यावर मला कोण ओळखतं? लिफ्टमध्ये कोण आशीर्वाद मागेल?" हे बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. मग म्हटलं, "हरलो मी. उद्याची बस कितीची?"

ती गल्लीच्या टोकाकडे बघत होती.

तिकडून बेंविंदा येत होती. घागरा कंबरेत खोचलेला, नवऱ्याचे रबरी बूट, हातात छत्री. "सेऊ बेलार्मिनो! आज पौर्णिमा!"

"आत्ता सांगताय?"

"होडीवाल्याला भरती सांगायची असते होय? मला वाटलं, मुलीला दाखवायलाच नेलंत!"

तिच्या मागे नीलो, मांडीपर्यंत विजार गुंडाळून, दोरीने एक होडी ओढत होता. होडीत, पुढच्या टोकाला, ओझोरियो. छत्री उघडून डोक्यावर धरलेली, लढाईवर निघालेल्या सरदारासारखा. होडी मी लगेच ओळखली. नीलोच्या जन्माच्या वर्षी मीच कोरून दिली होती, कितीतरी वर्षं ओझोरियोच्या परसात पालथी पडली होती. डावीकडे झुकत होती.

"मागे सरक!" मी पायरीवरून ओरडलो. "वजन पुढे टाकलंयस! बुडवशील माझी होडी!"

"आधी आत तर बस, मग शिकव!" ओझोरियो ओरडला.

त्यांनी तिघांनी मिळून मला उचलून आत ठेवलं, मैद्याच्या पोत्यासारखं. एलियेते पांढऱ्या बुटांनी पाण्यात उतरून चालली, हसत हसत, विजार भिजलेली, लहानपणी चालायची तशी. वरच्या सज्ज्यांतून परके लोक फोटो काढत होते. दिवसभर मी गाव दाखवत फिरलो आणि शेवटी गावात बघण्यासारखं काय होतं, तर मी.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी उठून पिशवी भरली. दोन शर्ट, दाढीचं सामान, काठी. काठी पिशवीत मावेना. कशीही ठेवली तरी मूठ बाहेर.

एलियेते स्वयंपाकघरात कॉफी करत होती. तेवढ्यात बेंविंदा वाटी घेऊन आली. एलियेतेने तिला वाटी भरून दिली, दारात दोघी काहीतरी कुजबुजल्या, आणि माझी मुलगी परत आली ती डोळे पुसत.

"कांदा?" मी विचारलं. कांदा कुठेच नव्हता.

"बाबा, त्यांना मधुमेह आहे ना?"

"तेच तर म्हणतो मी! रोज नेते लबाड बाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवीकडे. "हे काय चाललंय?"

"हरलो तर जायचं, असं ठरलं होतं. बेलार्मिनो शब्दाचा पक्का आहे."

तिने पिशवीतून शर्ट काढून खुंटीला लावले. "खोलीचं राहू दे," म्हणाली. "काल मी किती छत्र्या बघितल्या."

"हो, पण पाऊस नाही आला. अंदाज चुकला माझा. वय झालं."

यावर ती जी हसायला लागली ती थांबेचना. टेबलावर डोकं ठेवून हसली, मग हसता हसता रडली, मग मला मिठी मारली. मी पाठीवर थापटत राहिलो. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. पण राहायला मिळालं, म्हणून विचारलं नाही. परीक्षकाने चुकून पास केलं तर पेपर परत मागू नये.

एक अट घातली तिने जाताना. काठी दाराबाहेर आली पाहिजे. मी म्हटलं, बघू.

बुधवार, १३ ऑगस्ट

गावाला विषय मिळाला. "सेऊ बेलार्मिनो, उद्या चंद्र कसा आहे?" "अहो, रुआ फ्रेस्काची होडी कितीला सुटते?" जुरेमाने काकवीच्या केकवर साखरेची छोटी होडी काढून दिली. मी ती आधी खाल्ली.

छत्री तेर्सियोला चर्चच्या पायरीशी सापडली. वाळवून आणून दिली. म्हणाला, "पावसाचं काही असलं तर कळवा." आणि हसला नाही. हे जरा चमत्कारिक वाटलं. हसला असता तर समजलो असतो की टोमणा आहे.

काठी अजून दाराआड आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळी बेंविंदा आली नाही.

आधी म्हटलं, बरं झालं, साखर वाचली. कॉफी केली. दार उघडं ठेवून प्यायलो. गार झाली. साखरेचा डबा काढून टेबलावर ठेवला, तो तसाच. चर्चची घंटा झाली, जुरेमाची गाडी गेली, तरी शेजारचं दार बंद. तिची खिडकीही बंद. ही बाई पाखरांच्या आधी उठते.

मग काय झालं ते नीट आठवत नाही. तिच्या दारावर थापा मारत होतो, एवढं आठवतं. "दोना बेंविंदा! दोना बेंविंदा!" कोणी ओ देईना. शेवटी खिट्टी सरकली. शालीत गुरफटलेली, नाक लाल, केस पिंजारलेले.

"अहो, सर्दी झालीय. दार मोडताय की काय? काय हवंय?"

दम लागला होता. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "साखर. एक वाटी साखर हवी होती."

वाटी काही नेली नव्हती मी. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि आत गेली. फळीवरून मोठा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढे धरला. काठोकाठ साखर. खालची जुनी, ढेकळं झालेली, वरची भुरभुरीत.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचीच आहे."

मी डब्याकडे बघत उभा राहिलो. एकेक करत सगळं माझ्या या जाड डोक्यात शिरायला लागलं, पौर्णिमेचं पाणी दगडांतून वर येतं तसं. वाटी. बाक. मनगट. नीलोचे आशीर्वाद. आणि त्या छत्र्या, देवा, त्या सगळ्या छत्र्या.

"ओझोरियोने सांगितलं सगळ्यांना?" मी विचारलं.

"दाढी व्हायच्या आधी नव्हे हो. नंतर."

तिच्या चुलीवर पाणी ठेवलं, लिंबू पिळलं, तिला गरम गरम प्यायला लावलं. ती खुर्चीत बसून कुरकुरत राहिली, चमचा चुकीच्या जागी ठेवलात, काडेपेटी तिकडे नसते. मी ऐकत राहिलो. निघताना तिने डबा माझ्या हातात दिला.

"न्या आता. पण मग उद्या मी काय मागायला येऊ?"

"मीठ मागा," मी म्हटलं.

बाहेर आलो. एका काखेत डबा. समोर ओझोरियो दुकानाच्या दारात उभा होता, वस्तरा पुसत. तो माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. हातात काठी. दाराआडून कधी घेतली, टेकत तिच्या दारापर्यंत कसा आलो, काही माहीत नाही.

"कोंपाद्रे," ओझोरियो म्हणाला, "आज पाऊस नाही वाटतं?"

"नाही," मी म्हटलं. "आज नाही."

मंगळवार, १९ ऑगस्ट

सकाळी दार वाजलं. नाक अजून लाल, हातात वाटी. "सेऊ बेलार्मिनो, मीठ संपलं हो."

तिला रक्तदाबही आहे. मीठही बंद असणार. वाटी शिगोशीग भरून दिली, आणि भरेपर्यंत तिला घरभर नीट बघू दिलं.